नंबर जुळला पाहिजे

आमच्या खोऱ्यात बंदुका दोनच जातीच्या. एक ठासणीची आणि दुसरी थ्री नॉट थ्री. ठासणीची शेतकऱ्याच्या घरात खुंटीला टांगलेली असायची, थ्री नॉट थ्री पेन्शनीत आलेल्या फौजींच्या बोलण्यात असायची. पाटण तालुक्यातली आमची वाडी डोंगराच्या पोटाला चिकटलेली. वर जंगल, खाली नदी, मधे नाचणीची आणि भुईमुगाची वावरं. पोट भरायला दोनच वाटा, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. त्यामुळे पारावर बसलेल्या दहा म्हाताऱ्यांत दोन-तीन तरी फौजी निघायचेच.

माझे थोरले चुलते त्यांतलेच. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पण आबांच्या गोष्टी बाकीच्यांसारख्या नसायच्या. बाकीचे सांगायचे कुठं लढलो, कुठल्या डोंगरावर बर्फात पाय गारठले. आबा सांगायचे कुठल्या रायफलीचा स्ट्रायकर कुठल्या रायफलीला बसवला. ते आर्मरर होते. म्हणजे फौजेतले बंदुकांचे वैद्य म्हणा. सारी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली. हाताच्या रेघांत बसलेलं तेल मरेपर्यंत निघालं नाही.

ते म्हणायचे, "आरं, बंदूक म्हंजी काय येक वस्तू न्हवं. ती वाडी हाय वाडी. पन्नास घरं. त्यातलं येक घर बंद पडलं का समदी वाडी बंद."

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, सेनापती असतात, तह असतात. मोडलेल्या कमानी आणि हरवलेले स्क्रू यांचा इतिहास तिथं फारसा नसतो. तो निम्मा मी आबांच्या तोंडून ऐकला आणि निम्मा पुढं मास्तरकी करताना वाचून गोळा केला. तोच इथं मांडतो आहे.

रायफलीचे भाग मी पहिल्यांदा हातात घेतले ते तालुक्याच्या कॉलेजात, एन.सी.सी.मध्ये. १९७०च्या दशकातली गोष्ट. आमचे उस्ताद उत्तरेकडचे हवालदार होते. घोंगडी अंथरायची, तिच्यावर रायफल ठेवायची आणि मग त्यांचा आवाज, "आज का सबक, राइफल का खोलना-जोडना!" आधी मॅगझीन, मग बोल्ट. चिंदीला तेल लावून पुल-थ्रूने नळी साफ करायची. जो भाग ज्या क्रमाने काढला तो तसाच ओळीत ठेवायचा, आणि जोडताना उलट्या क्रमाने उचलायचा.

एकदा साफसफाईच्या गडबडीत दोन पोरांचे बोल्ट अदलाबदल झाले. दोन्ही रायफली दिसायला एकसारख्या, बोल्ट बसलेही बरोबर, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. पण कोतमध्ये रायफली जमा करताना उस्तादांनी बोल्टच्या दांड्यावरचा नंबर वाचला, मग रायफलीवरचा वाचला, आणि सगळ्या स्क्वाडला मैदानभर कोलांट्या मारायला लावल्या. त्या रायफली कवायतीच्याच होत्या. अंगावर 'डी.पी.' अशी अक्षरं ठोकलेली आणि नळीला भोक पाडलेलं. त्यांतून गोळी सुटणार नव्हतीच. मग एवढा राग कशाला?

सुट्टीत आबांना विचारलं. ते म्हणाले, "त्यो हवालदार शाना हाय. सवय कवायतीच्या रायफलीवरच लागती."

मग त्यांनी काडेपेटी घेतली. पेटी म्हणजे नळीचं घर, तिच्यात बसणारी खणाची तबकडी म्हणजे गोळी, आणि मागून दाबलेला त्यांचा अंगठा म्हणजे बोल्ट. गोळी उडते तेव्हा वायूचा जोर जसा पुढं तसा मागंही असतो. पितळी केसाचं बूड बोल्टच्या तोंडाला टेकलेलं असतं म्हणून ते तग धरतं. मधे नको तेवढी फट राहिली तर पितळ फाटतं आणि तो तापलेला वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. थ्री नॉट थ्रीचा बोल्ट कारखान्यात त्या त्या रायफलीला घासून, मापून बसवलेला असायचा. म्हणून दोघांवर एकच नंबर. "लग्न लागल्यालं आस्तं त्यांचं," आबा म्हणाले. "दुसऱ्याशी संसार हुईल, न्हाय आसं न्हाय. पर आधी मापून बघाया लागतं."

सगळे भाग एका ठिकाणी आले म्हणजे रायफल झाली असं नसतं. ते एकमेकांत बसावे लागतात. पूर्वी ही बसणी माणसाच्या हातात आणि कानशीत होती. एका कारागिराने केलेला घोडा दुसऱ्याच्या बंदुकीला लागायचा नाही. लढाईत शंभर बंदुका मोडल्या तर शंभर वेळा कारागीर लागे.

आपल्या मराठी राज्यकर्त्यांना हे कळलं नव्हतं असं नाही. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी उत्तरेत जम बसवला तेव्हा द बॉइन या सॅव्हॉयच्या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. पण पलटणीला नुसती कवायत पुरत नाही. म्हणून आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा ओतण्याचं आणि बंदुका करण्याचं काम सुरू झालं. तिथं एक बंदूक सुमारे दहा रुपयांत पडायची आणि ती युरोपातल्या बंदुकीच्या तोडीची असायची, अशी नोंद आहे. म्हणजे कारागिरी आपल्याकडच्या हातांत होती. पण कारखान्याची आणि पलटणीची वरची किल्ली परक्यांकडे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांशी युद्ध जुंपलं तेव्हा शिंद्यांचे बरेच युरोपी अंमलदार नोकरी सोडून गेले, त्यांचा सेनापती पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. १८ ऑक्टोबर १८०३ला आग्र्याचा किल्ला पडला. किल्ल्याबरोबर तिथलं शस्त्रागारही गेलं. शूर माणसं उरली, पण त्यांच्या बंदुका पुन्हा उभ्या करणारी जागा उरली नाही.

तिकडे युरोपात त्याच सुमाराला वेगळाच विचार चालू होता. एकाचा भाग दुसऱ्याला लागला तर? १७८५ साली पॅरिसला ऑनोरे ब्लांक नावाच्या फ्रेंच कारागिराने अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास चापयंत्रांचे सुटे भाग खणाखणांत मांडले. जेफरसननी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चापयंत्रं जोडली, आणि ती बरोबर बसली. त्यांनी ती हकिगत मायदेशी लिहून कळवली.

पुढं अमेरिकेत इलाय व्हिटनीने १७९८ साली सरकारला दोन वर्षांत दहा हजार बंदुका द्यायचा करार केला. त्या पुऱ्या व्हायला १८०९ साल उजाडलं. 'कुठलाही भाग कुठंही बसतो' अशी त्याची कीर्ती झाली, पण पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा सगळे भाग तसे बसेनात. खरं काम जॉन हॉलने हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात केलं. त्याने प्रत्येक भागासाठी मापाचा साचा, म्हणजे गेज, केला. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाहीतर भंगारात. १८२६ साली तपासणी झाली, रायफली सुट्या करून, भाग मिसळून, पुन्हा जोडून पाहिल्या, आणि त्या जुळल्या.

हे इंग्रजांच्या डोळ्यांत भरलं ते १८५१ला. लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात एका अमेरिकन कंपनीने भाग अदलाबदल होणाऱ्या सहा रायफली मांडल्या. इंग्रजांची समिती अमेरिकेला जाऊन आली, यंत्रं विकत घेतली, आणि एनफिल्डचा कारखाना नव्याने उभा राहिला. त्या एनफिल्डचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे, १८५७च्या काडतुसांमुळे. काडतुसाच्या चरबीची गोष्ट सगळे सांगतात. बंडानंतर इंग्रजांनी त्याच रायफलीचं काय केलं ते सहसा सांगत नाहीत. हिंदी शिपायांना द्यायच्या बंदुकांच्या नळ्यांतले पेच त्यांनी खरवडून काढले. रायफल ती रायफल त्या पेचांमुळे. पेच गेले की गोळी गिरकी घेत नाही, लांब नेमकी जात नाही. बाहेरून एनफिल्ड, आतून साधी नळी. रायफल दिली, आणि तिच्यातली रायफल काढून घेतली.

मग १८७८चा हत्यारांचा कायदा आला, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्यांना सूट. आपण तो कायदा अपमान म्हणून लक्षात ठेवतो आणि ते खरंच आहे. पण गावाच्या बाजूने पाहिलं तर त्याने आणखी एक गोष्ट केली. बंदुकीला हात लावणारा लोहार भिऊ लागला. बापाने पोराला कोयता, फाळ, खुरपं शिकवलं. बंदुकीची कमान शिकवली नाही. दोन पिढ्यांत ती विद्या भात्याच्या राखेत गेली.

त्यानंतर सरकारला रायफली लागल्या त्या सरकारी कारखान्यातून. बंगालात ईशापूरला १९०४ साली रायफलीचा कारखाना उभा राहिला. आबांच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक थ्री नॉट थ्री तिथल्या. आबा त्या गावाचं नाव पंढरपूरसारखं घ्यायचे, पण कधी गेले नव्हते.

टंचाई सगळ्यांनाच गाठते, हेही आबांमुळे कळलं. मोठा इंग्रजसुद्धा एकदा रायफलीला महाग झाला होता. १९४० साली डंकर्कहून त्यांचं सैन्य जीव वाचवून परत आलं, पण हत्यारं तिकडेच पडली. त्याच वर्षी जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्यावर बॉम्ब टाकले. ऑगस्टमध्ये रायफलीच्या नळ्या करणारा विभाग उद्ध्वस्त झाला, नोव्हेंबरच्या हल्ल्यात त्रेपन्न कामगार मेले. एक विभाग गेला आणि बाकी सगळे भाग असून रायफल अडली. आबांच्या भाषेत, एक घर बंद पडलं. मग इंग्रजांनी काम विखरून टाकलं. एक भाग इकडे, दुसरा तिकडे, जोडणी तिसरीकडे. आणि गावोगावच्या होमगार्डांसाठी अमेरिकेतून लाखोंनी जुन्या रायफली मागवल्या. त्यांची गोळी वेगळी. चुकून थ्री नॉट थ्रीची गोळी भरली जाऊ नये म्हणून त्यांच्या लाकडावर तांबडा पट्टा रंगवला. गेजवर एवढा भरवसा असणाऱ्या देशावर शेवटी रंगाच्या डब्याची वेळ आली.

आपल्याकडे ती वेळ आली १९६२ला. चीनच्या सैनिकांच्या हातात आपोआप भरणाऱ्या रायफली आणि आपल्या जवानांच्या हातात दर गोळीमागे बोल्ट ओढायची थ्री नॉट थ्री, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आबा तेव्हा वर्कशॉपमध्ये. त्या हिवाळ्याचं ते फार बोलायचे नाहीत. एकदाच बोलले, ते असं :

"गाड्या भरभरून रायफली यायच्या. कुनाचा कुंदा फुटल्याला, कुनाची नळी वाकल्याली, कुनाला बोल्टच न्हाय. नवं सामान मागितलं का उत्तर यायचं, वाट बगा. मग आमी काय करायचो, चार मोडक्या घ्यायच्या आन दोन चालत्या करायच्या. गेज लावायचा, बसंना, दुसरा बोल्ट घ्यायचा, पुन्यांदा गेज. रातीच्या रातीला. बसला का जुना नंबर खोडायचा आन नवा ठोकायचा. येका कुंद्यावर कुनीतरी चाकूनं नाव कोरल्यालं व्हतं. मराठी नाव. त्यो कुंदा म्या दुसऱ्या रायफलीला लावला. नाव तसंच ऱ्हाऊ दिलं."

नाव कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या युद्धानंतर ईशापूरने आपोआप भरणारी ७.६२ची रायफल करायला घेतली. तोवर भागवायचं म्हणून जुन्या थ्री नॉट थ्रीच्याच आराखड्यावर नव्या ७.६२च्या गोळीची एक बोल्टची रायफल काढली, तिचं नाव २ए. पुढं १९६५च्या सुमाराला तिच्या नेमाच्या पट्टीवरचा आकडा दोन हजारावरून आठशेवर आणला आणि ती २ए१ झाली. आठशेच्या पुढं नेम धरायचा कुणाला असतो? जुन्याला नवं जोडून वेळ निभावली. पुढं कित्येक वर्षं त्या रायफली पोलिसांच्या खांद्यावर दिसत होत्या. तुम्हीही बँकेच्या किंवा कचेरीच्या दारात पाहिल्या असतील.

सरकारला ईशापूर होतं. वाडीला काय होतं?

आमच्या वाडीत एकेकाळी सात ठासणीच्या बंदुका होत्या, सगळ्या पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या. शिकारीसाठी त्या कुणी फारशा वापरल्या नाहीत. माळ्यावर बसायचं, रानडुकरांचा कळप वावरात शिरला की हवेत बार काढायचा. एका बाराला कळप डोंगर चढायचा. रात्रभरात दोन बार काढले की नाचणी वाचायची.

१९५९च्या हत्यार कायद्यात अशा शेतकऱ्याची वेगळी दखल आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक, असा उल्लेखच त्यात आहे. पण त्याच कायद्याप्रमाणे हत्याराचा सुटा भाग म्हणजेही हत्यार, आणि हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. कायद्याचा हेतू रास्त आहे. चोरून बंदुका जोडणाऱ्यांनी काय होतं ते देशात दिसतंच. पण ठासणीच्या बंदुकीचा घोडा करणारा परवानेवाला आमच्या डोंगरात कुठून येणार?

आमच्या शेजारच्या आजोबांच्या बंदुकीचा घोडा असाच मानेत तुटला. ते एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी परवानेवाल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, आजोबा, ह्या बंदुका आता कोण करतंय, सामान कुठलं यायला? वाडीतल्या लोहाराला विचारलं. त्याच्या पणज्याने म्हणे पूर्वी असे घोडे घडवले होते. त्याने तुटका तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि परत दिला.

"करता यील," तो म्हणाला. "पर म्या करनार न्हाय. कोयता आना, इळा आना. ह्याला हात लावला तर पोरंबाळं उघड्यावर पडतील."

त्याचं बरोबर होतं. आबांनी पण त्याला नको म्हणूनच सांगितलं. ज्या माणसाने नोकरीत हजारो रायफली जोडल्या, त्याने घरी आल्यावर एका स्क्रूला हात लावला नाही. "तितं हुकूम व्हता, हितं न्हाय," एवढंच ते म्हणाले.

दोन वर्षं आजोबांनी पत्र्याचा डबा वाजवून पाहिलं. डुकरं पहिल्या आठवड्यात बिचकली, मग सरावली. वरची तीन वावरं आधी नाचणीची, मग नुसत्या गवताची झाली. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाई मिळतेही, पण ती पिकाची. पीकच घेतलं नाही तर पंचनामा कशाचा करणार? सात बंदुकांपैकी चार अशाच एकेका भागासाठी अडल्या. एकीची कमान गेली, एकीचा कुंदा वाळवीने खाल्ला. लोक म्हणतात पोरं शहरात गेली म्हणून वरचं रान पडीक पडलं. ते खरं आहेच. पण माझ्या डोळ्यांसमोर काही वावरं अशी पडीक पडली की घरात माणूस होता, बियाणं होतं, औत होतं, आणि बोटाएवढा लोखंडाचा तुकडा नव्हता.

तरी आजोबांनी परवान्याचं नूतनीकरण चुकवलं नाही. तेव्हा दर तीन वर्षांनी तालुक्याला खेप, फोटो, चलन असायचं. निवडणूक लागली की न उडणारी बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि निकालानंतर परत आणायची. मी एकदा म्हटलं, आजोबा, कशाला हा खटाटोप? ते म्हणाले, "घोडा आज न्हाय, उद्या घावंल. परवाना येकदा गेला का पुन्यांदा घावत न्हाय."

त्यांचा नातू चाकणला एका कारखान्यात लागला आहे. गाड्यांचे भाग होतात तिथं. सुट्टीला आला की सांगतो, एका पाळीत हजारो नग निघतात, प्रत्येक नग गेजमध्ये जातो, बसला तर पुढं, नाहीतर लाल पेटीत. कुठल्याही नगाला कुठलीही गाडी चालते. जॉन हॉलने दोनशे वर्षांपूर्वी रायफलीसाठी काढलेली रीतच ती. बंदुकीपासून निघाली आणि शिलाईयंत्र, सायकल, मोटार असं करत चाकणला पोचली. जगातले सगळे कारखाने आज तिच्यावर चालतात.

फक्त त्या रितीला हजार नग लागतात. एकच नग हवा असेल तर तिला परवडत नाही. एकच नग करणारा लोहार होता, त्याचा हात आपण दीडशे वर्षांपूर्वी बांधला आणि मग सोडायचं राहून गेलं. नातवाने आजोबांचा तुटका घोडा एकदा पाहिला आणि म्हणाला, आमच्याकडे ह्याचं ड्रॉइंग नाही. आजोबांनी तो तुकडा पुन्हा फडक्यात बांधला आणि परवान्याच्या पुस्तिकेबरोबर पेटीत ठेवून दिला. बंदुकीवरचा नंबर आणि पुस्तिकेतला नंबर अजून बरोबर जुळतात.